स्ट्रीम लागेल तेव्हाच उघडा: नोडवर नवीन असाल तर आधी हे वाचा

मी हाऊसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं एक छोटं सॉफ्टवेअर सांभाळतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सेक्रेटरी लॉगिन करतात, ‘सगळी बिलं डाउनलोड’ दाबतात आणि सर्व्हर सगळ्या फ्लॅटच्या पीडीएफ गोळा करून एक झिप पाठवतो. माझ्या लॅपटॉपवर टेस्टची सोसायटी १२ फ्लॅटची होती, तिथे कधी काही अडलं नाही. खरी सोसायटी आली ४१२ फ्लॅटची, तीही चालली. मग एका महिन्याच्या ५ तारखेला भर दुपारी सर्व्हर मुका झाला, लॉगिनचं पान पण उघडेना, आणि लॉगमध्ये एकच ओळ शेकड्याने: ईएमफाईल, टू मेनी ओपन फाईल्स (म्हणजे एकावेळी उघड्या ठेवायच्या फाईल्सची मर्यादा संपली). रिस्टार्ट केला की थोडा वेळ बरा, परत तेच. दोन दिवस मी डेटाबेसवर संशय घेत बसलो होतो.

झालं काय होतं, तर मी लूपमध्ये प्रत्येक पीडीएफची रीड स्ट्रीम (फाईल तुकड्यातुकड्याने वाचायची नळी) आधीच उघडून झिपच्या लायब्ररीला देत होतो. झिप बिचारी एकावेळी एकच फाईल वाचते, पण उघड्या मात्र ४१२ च्या ४१२. एका काकांना डाउनलोड हळू वाटलं म्हणून त्यांनी कॅन्सल करून परत दाबलं, मग अजून एकदा. ४१२ गुणिले ३ म्हणजे १२३६, आणि आमच्या कंटेनरची (सर्व्हर ज्या बंद डब्यात चालतो त्याची) उघड्या फाईल्सची मर्यादा १०२४, जी मीच कधीतरी कुठूनतरी कॉपी करून टाकली होती.

हे सगळं नोड.जेएस (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) धरून लिहितोय कारण मला तेच येतं. इंग्रजी नावं देवनागरीत लिहिलीत, कोडमध्ये ती कशी लिहायची ते तुम्हाला माहितीच आहे. कोडचे तयार तुकडे मुद्दाम देत नाही, कारण माझी ती गोची कॉपी-पेस्टमधूनच आली होती.

काय काय जवळ ठेवायचं

- नोडची १८ किंवा पुढची आवृत्ती. पाइपलाइनचं (स्ट्रीम एकमेकींना जोडणारं फंक्शन, पुढे येईल) प्रॉमिसवालं रूप १५ पासून आहे, पण आता इतकं जुनं कशाला वापरायचं.
- लिनक्सचं टर्मिनल. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) घ्या. मॅकवर बहुतेक गोष्टी होतात पण तिथे प्रॉक फोल्डर (चालू प्रोसेसची माहिती दाखवणारा) नसतो, एलएसओएफ (उघड्या फाईल्सची यादी देणारी कमांड) वापरावं लागतं.
- कर्ल, टर्मिनलमधून वेब रिक्वेस्ट पाठवायचं साधन. याचा लिमिट-रेट हा ऑप्शन फार कामाचा आहे, पुढे सांगतो.
- एका फोल्डरमध्ये ५०० डमी फाईल्स, प्रत्येकी दोन-तीनशे केबीच्या. रिकाम्या नकोत, आणि एकच अक्षर भरून केलेल्या पण नकोत, त्या झिपमध्ये दाबल्या जाऊन इतक्या लहान होतात की डाउनलोड लगेच संपतं आणि मग काही कळतच नाही. रँडम डेटा भरा.
- प्रॉडक्शनच्या कंटेनरमध्ये किंवा सर्व्हरवर निदान बघण्यापुरता ॲक्सेस.

१. आधी आपल्या डोळ्यांनी बघा

बऱ्याच जणांना वाटतं (मलाही वाटायचं) की स्ट्रीम म्हणजे आळशी गोष्ट, वाचेपर्यंत काही होत नाही. अर्धं खरं आहे. क्रिएट-रीड-स्ट्रीम म्हटलं की डेटा वाचला जात नाही हे बरोबर, पण फाईल उघडली जाते. लगेच. तुम्ही त्या स्ट्रीमला हात लावा न लावा.

एक छोटी स्क्रिप्ट लिहा: ५०० फाईल्सच्या नावांवर मॅप फिरवा, प्रत्येकाची क्रिएट-रीड-स्ट्रीम करा, ॲरेत ठेवा आणि पुढे काहीच करू नका. शेवटी ६० सेकंदांचा एक सेट-टाइमआउट ठेवा, नाहीतर प्रोसेस लगेच संपेल, कारण नुसती उघडी फाईल नोडला जागं ठेवत नाही. प्रोसेस आयडी प्रिंट करा आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये प्रॉक फोल्डरमधल्या त्या आयडीच्या एफडी फोल्डरात एलएस करून ओळी मोजा. ५०० आणि वर नोडचे स्वतःचे वीसेक दिसतील. एक बाइट वाचलेला नाही, तरी ५०० हँडल (उघड्या फाईलमागे सिस्टीम देते तो नंबर) अडकलेत.

आता दुसरी गोष्ट, जी जास्त वाईट आहे. ही स्ट्रीम आपोआप बंद कधी होते? पूर्ण वाचून झाली की, किंवा एरर आली की, किंवा तुम्ही डिस्ट्रॉय म्हटलं की. न वाचताच टाकून दिली तर कधीच नाही. गार्बेज कलेक्टर जावास्क्रिप्टचं ऑब्जेक्ट उचलून नेईल, पण खालचं हँडल तसंच उघडं राहील. मेमरीचा ग्राफ सपाट दिसत राहतो आणि हँडल वाढत राहतात, म्हणून मेमरी बघून हा प्रॉब्लेम सापडत नाही. माझे दोन दिवस तिथेच गेले.

आणि सॉकेट (नेटवर्क कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) पण हँडलच असतो. म्हणून फाईल्सनी कोटा खाल्ला की नवीन माणसाचं कनेक्शन पण घेता येत नाही, लॉगिनचं पान गेलं ते यामुळे. त्यात भर म्हणजे फाईल उघडण्याचं काम नोड आत एका थ्रेड पूलला देतो, त्यात डीफॉल्ट ४ थ्रेड. एकदम ४१२ फाईल्स उघडायला सांगितल्या की त्या चौघांपुढे रांग लागते, आणि होस्टच्या नावावरून आयपी शोधायचं साधं लुकअप पण त्याच रांगेत उभं राहतं. म्हणजे डेटाबेसचं नवीन कनेक्शन हळू होतं आणि आपण डेटाबेसला शिव्या घालतो.

२. मर्यादा मुद्दाम कमी करून घ्या

नवीन माणसाने ही पायरी गाळू नये, यानेच बग घरबसल्या सापडतो. टर्मिनलमध्ये यूलिमिट डॅश एन १०० (उघड्या फाईल्सची मर्यादा १०० वर आणणारी कमांड) असं करा आणि त्याच टर्मिनलमधून सर्व्हर चालू करा. आता ४१२ फ्लॅटची सोसायटी आणायची गरज नाही, १०० फाईल्सच्या आतच सर्व्हर पडेल. पडला तर छान, बग सापडला.

सापळा: काही लोक नुसती सॉफ्ट मर्यादा (सध्या लागू असलेली; हार्ड म्हणजे ती जिथपर्यंत वाढवता येते तो आकडा) कमी करतात आणि म्हणतात काही फरक पडला नाही. नोड चालू होताना स्वतःहून सॉफ्ट मर्यादा हार्डपर्यंत वर ढकलतो, त्यामुळे सॉफ्ट कमी करून उपयोग शून्य. वरची कमांड दोन्ही बदलते म्हणून ती घ्या. याच कारणामुळे शेलमध्ये यूलिमिट विचारून आलेला आकडा आणि नोडला खरोखर मिळालेला आकडा वेगळा असू शकतो. खरा आकडा प्रॉक फोल्डरमधल्या लिमिट्स नावाच्या फाईलमध्ये असतो, प्रोसेसच्या आयडीखाली, तोच बघा.

मर्यादा वाढवून टाकूया की, असं कुणीतरी म्हणतंच. मीही आधी तेच केलं, १०२४ चे ६५५३६ केले आणि झोपलो. गळका नळ असताना मोठी बादली ठेवल्यासारखं झालं ते, पुढच्या महिन्यात भरलीच. ग्रेसफुल-एफएस नावाचं पॅकेज आहे, ते ईएमफाईल आली की ओपन रांगेत ठेवून नंतर परत प्रयत्न करतं, तेही तात्पुरतं बरं, पण गळती असेल तर रांग हलणार कशी.

३. कोडमध्ये ‘उघडणं’ आणि ‘वाचणं’ कुठे लांब पडलंय ते शोधा

सगळ्या प्रोजेक्टमध्ये क्रिएट-रीड-स्ट्रीम सर्च करा. प्रत्येक ठिकाणी विचारा, उघडल्यापासून पहिला बाइट वाचेपर्यंत मध्ये काय काय होतंय? मध्ये अवेट आहे का, इफ आहे का, लूप आहे का. मला तीन प्रकार सापडले.

लूपवाला तर सांगितलाच.

दुसरा जास्त लपलेला. एका फाईलच्या डाउनलोडमध्ये मी वरच स्ट्रीम उघडून ठेवली होती आणि खाली तपासत होतो की ब्राउझरने पाठवलेला ईटॅग (फाईलच्या आवृत्तीची खूण) जुळतोय का, जुळला तर ३०४ (‘बदल नाही’) पाठवून रिटर्न. म्हणजे ज्यांच्याकडे बिल आधीच कॅशमध्ये आहे अशा प्रत्येक माणसामागे एक हँडल गळत होतं. हेड रिक्वेस्टचं (फाईल नको, फक्त हेडर मागणारी) तेच. परवानगी तपासून ४०३ देतो तिथेही तेच. आधी सगळे इफ संपवा, मग शेवटच्या ओळीत स्ट्रीम उघडा. यात काही लायब्ररी वगैरे लागत नाही, दोन ओळी खाली सरकवायच्या. निम्मा प्रश्न इथेच सुटतो हो.

तिसरा म्हणजे फंक्शनला उघडलेली स्ट्रीम पास करणं. ईमेलची अटॅचमेंट म्हणून स्ट्रीम दिली, आत त्या फंक्शनने आधी ईमेल पत्ता बरोबर आहे का बघितलं, नाहीये, एरर फेकली. आता ती स्ट्रीम कुणी बंद करायची? देणाऱ्याला वाटतं घेणारा करेल, घेणाऱ्याला तर ती उघडी आहे हेच माहीत नाही.

४. उघडलेली स्ट्रीम नको, उघडायची कृती द्या

उपाय इतका साधा आहे की सांगायला लाज वाटते. स्ट्रीमच्या जागी एक फंक्शन द्या, जे बोलावल्यावर स्ट्रीम उघडून परत देईल. बाणवालं छोटं फंक्शन, आत एकच कॉल. ॲरेमध्ये ४१२ स्ट्रीमऐवजी ४१२ फंक्शन्स राहतात, त्यांचं वजन काहीच नाही. जो वाचणार तो पाळी आली की फंक्शन बोलावतो, वाचतो, आणि बंद पण तोच करतो. मालकी कुणाची हा घोळच राहत नाही.

इथे दोन सापळे, दोन्हीत मी पडलोय.

एक, बाण लिहायचा विसरतो आणि थेट कॉल लिहितो. दिसायला कोड जवळजवळ सारखाच, पण झालं, परत लगेच उघडली. टाइपस्क्रिप्ट वापरत असाल तर पॅरामीटरचा टाइप ‘रीडेबल देणारं फंक्शन’ (रीडेबल म्हणजे वाचायची स्ट्रीम) असा लिहा, मग एडिटरच ओरडतो.

दोन, जुन्या पद्धतीचा व्हार. लूपमध्ये व्हारने पाथ धरला आणि फंक्शन नंतर चाललं की सगळ्या फंक्शन्सना लूपची शेवटची किंमत दिसते. आधी लगेच उघडत होता तोपर्यंत हा बग झोपलेला होता, आळशी केल्यावर जागा झाला. माझ्या झिपमध्ये फाईलींची नावं ४१२ वेगवेगळी आणि आतलं बिल प्रत्येकात शेवटच्या फ्लॅटचं! नशीब टेस्टमध्ये दिसलं, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर काय झालं असतं. कॉन्स्ट किंवा लेट वापरा, आणि बाहेरचं एखादं ऑब्जेक्ट फंक्शनमध्ये धरलं असेल तर ते मध्ये बदलत नाही ना बघा.

५. एकामागे एक फाईल जोडायची असेल तर असिंक जनरेटर

समजा झिप नको, दिवसादिवसाच्या ३६५ लॉग फाईल्स एकामागे एक जोडून एकच फाईल पाठवायचीय. यासाठी असिंक जनरेटर फंक्शन लिहा: पाथच्या यादीवर लूप, आत त्या पाथची स्ट्रीम उघडा, फॉर-अवेटने तिचे तुकडे घ्या आणि प्रत्येक तुकडा यील्ड करा. मग हे जनरेटर रीडेबल डॉट फ्रॉमला द्या, बाहेर एक नेहमीची स्ट्रीम मिळते.

जनरेटरची गंमत अशी की नुसता बोलावला तर त्यातली एकही ओळ चालत नाही. पहिला तुकडा कुणीतरी मागितला की मगच पहिली फाईल उघडते, ती संपली की बंद, मग दुसरी. कधीही एकच हँडल. मध्येच ग्राहक निघून गेला तर फॉर-अवेट त्या क्षणी उघडी असलेली फाईल बंद करून टाकतो, आणि ज्यांची पाळीच आली नाही त्या उघडल्याच नव्हत्या, मग बंद काय करायच्या.

लक्षात ठेवायची एक गोष्ट: रीडेबल डॉट फ्रॉम डीफॉल्टने ऑब्जेक्ट मोडमध्ये असतो, म्हणजे तो बाइट मोजत नाही, तुकडे मोजतो. फाईलचा एक तुकडा ६४ केबीपर्यंत असतो, पण त्याच्या बफरची मर्यादा डीफॉल्टने एकाच तुकड्याची असते, म्हणून मेमरी फुगत नाही. बाइट मोजायला हवे असतील तर ऑब्जेक्ट-मोड फॉल्स असं दुसऱ्या पॅरामीटरमध्ये सांगून टाका.

पायथनवाले वाचत असतील तर तुमच्याकडे हे फाईल-इनपुट मॉड्यूलमध्ये तयारच आहे, फाईल एकेक करून उघडते. जावात फ्लॅटमॅपच्या आत फाइल्स डॉट लाइन्स केलं तर आतली प्रत्येक स्ट्रीम संपल्यावर तो स्वतः बंद करतो. पण बाहेर आधीच यादी करून ठेवलीत तर तिथेही माझ्यासारखंच होईल.

६. तयार लायब्ररी वापरताना कोणती मेथड बोलावताय ते बघा

आर्कायव्हर हे झिपसाठी बरेच जण वापरतात, मीही. त्यात फाईल टाकायचे दोन रस्ते आहेत, अपेंड आणि फाईल. अपेंडला तुम्ही स्ट्रीम देता, म्हणजे ती तुम्ही आधीच उघडलेली असते. फाईल मेथडला नुसता पाथ देता, आणि तो आतमध्ये लेझीस्ट्रीम नावाच्या छोट्या पॅकेजने पाळी आल्यावरच उघडतो. म्हणजे माझ्या सगळ्या रामायणाचा उपाय एक शब्द बदलणं एवढाच होता, अपेंडच्या जागी फाईल. नेटवरच्या उदाहरणात अपेंड दिसलं, मी अपेंड उचललं. त्या उदाहरणात फाईल एकच होती.

लेझीस्ट्रीम वेगळं पण वापरता येतं: त्याच्या रीडेबलला फंक्शन द्यायचं, पहिल्यांदा वाचायला गेलं की ते फंक्शन चालतं. ज्या लायब्ररीला स्ट्रीमच पाहिजे, फंक्शन चालत नाही, तिथे हे कामाला येतं. मल्टीस्ट्रीम नावाचं आहे ते अनेक स्ट्रीम जोडतं, त्याला ॲरेमध्ये स्ट्रीमच्या जागी फंक्शन्स दिली तरी चालतात. देताना फंक्शन्सच द्या, तिथेही थेट स्ट्रीम देता येते आणि लोक देतात.

फाईल मेथडचा एक सापळा आहे जो मला उशिरा कळला. पाथवर फाईलच नसेल तर आर्कायव्हर एरर देत नाही, वॉर्निंग नावाचा इव्हेंट देतो आणि पुढे जातो. झिप व्यवस्थित तयार होते, फक्त त्यात तीन बिलं कमी. वॉर्निंग ऐकत नसाल तर कुणालाच कळणार नाही, ज्याचं बिल गेलं नाही तो तर मुळीच तक्रार करणार नाही! वॉर्निंग ऐका, निदान लॉग करा. मी तर बिलांच्या बाबतीत वॉर्निंगला एररच मानतो आणि झिप थांबवतो.

७. बंद करण्याची सोय

पाइप मेथड सोडा, पाइपलाइन वापरा. पाइप फक्त डेटा पुढे ढकलतो, पुढचा माणूस निघून गेला तर मागची स्ट्रीम तो बंद करत नाही, नुसता सोडून देतो आणि ती तिथेच अर्धी वाचलेली लटकत राहते. कॅन्सल करणाऱ्या काकांच्या बाबतीत हेच झालं. पाइपलाइन कुठलंही एक टोक तुटलं की बाकीची बंद करते आणि एरर पण एकाच जागी मिळते.

आर्कायव्हर असेल तर रिस्पॉन्सच्या क्लोज इव्हेंटवर, काम पूर्ण व्हायच्या आत कनेक्शन तुटलं असेल तर, अबॉर्ट बोलवा. रांगेत उरलेल्या फाईल्स तो टाकून देतो.

एरर लिसनर विसरू नका. क्रिएट-रीड-स्ट्रीमला ट्राय-कॅचमध्ये गुंडाळून काही होत नाही, फाईल नसली तरी ती ओळ शांतपणे पास होते, एरर नंतर इव्हेंट म्हणून येते, आणि ऐकणारं कुणी नसेल तर सगळी प्रोसेस खाली बसते. पाइपलाइनमध्ये असेल तर तो ऐकतो.

८. उशिरा उघडलं की एरर पण उशिरा येते

याची किंमत मोजावी लागते, ती आधीच सांगतो, म्हणजे नंतर म्हणू नका. आधी सगळ्या फाईल्स सुरुवातीलाच उघडत होतो तेव्हा एखादी नसेल तर लगेच कळायचं आणि ४०४ किंवा ५०० पाठवता यायचं. आता २०० पाठवून झालंय, २८० फाईल्स गेल्यात, आणि २८१ वी उघडत नाही. हेडर परत घेता येत नाही.

मी दोन गोष्टी करतो. सुरुवातीला सगळ्या पाथवर स्टॅट मारतो, स्टॅट हँडल धरून ठेवत नाही, फाईल आहे का आणि केवढी आहे एवढं कळतं. एकदम प्रॉमिस-ऑलने ४१२ नाही, थोड्याथोड्या गठ्ठ्याने. यात शंभर टक्के हमी नाही, स्टॅट आणि ओपनच्या मध्ये कुणी फाईल उडवू शकतो, पण नेहमीच्या चुका इथेच पकडल्या जातात.

दुसरं, मध्येच एरर आली तर रिस्पॉन्सला एंड म्हणायचं नाही, डिस्ट्रॉय म्हणायचं. एंड म्हटलं तर ब्राउझरला वाटतं डाउनलोड नीट पूर्ण झालं, आणि सेक्रेटरींकडे न उघडणारी झिप राहते, कारण झिपची अनुक्रमणिका फाईलच्या शेवटी असते आणि तो शेवट गेलेलाच नसतो. डिस्ट्रॉय केलं की ब्राउझर सरळ डाउनलोड फेल दाखवतो. माणूस परत दाबतो. फोन येत नाही.

अजून एक बारीक गोष्ट आहे आणि ती बराच वेळ माझ्या लक्षात आली नव्हती. लिनक्सवर फाईल उघडली की ती नंतर डिलीट झाली तरी तुमच्या हातातलं हँडल चालू राहतं, जुनाच मजकूर मिळतो. उशिरा उघडताना हे संरक्षण जातं. आमच्याकडे बिलं परत बनवणारा जॉब रात्री चालतो, झिप चालू असताना तो आला तर पहिली २०० बिलं जुनी आणि उरलेली नवीन, एकाच झिपमध्ये. आम्ही फाईलच्या नावात आवृत्तीचा नंबर घातला, जुन्यावर कधी लिहायचंच नाही, नवीन नाव करायचं. जिथे हे जमत नाही आणि फाईल्स पाच-दहाच आहेत तिथे खुशाल आधीच उघडा, त्यात काही पाप नाही.

९. लिहिणारी स्ट्रीम, हिला जरा जास्तच जपा

क्रिएट-राइट-स्ट्रीम पण लगेच उघडते, आणि डीफॉल्ट फ्लॅग डब्ल्यू असल्यामुळे उघडताक्षणी जुनी फाईल रिकामी करते. क्रम असा असतो: वर राइट स्ट्रीम उघडली, खाली डेटाबेसला क्वेरी, क्वेरी फेल. नवीन रिपोर्ट नाहीच, आणि कालचा चांगला रिपोर्ट पण शून्य बाइटचा. म्हणून पहिला डेटा हातात आल्यावरच उघडा, आणि ते पण तात्पुरत्या नावाने त्याच फोल्डरमध्ये, पूर्ण झाल्यावर रीनेम. त्याच फोल्डरमध्ये एवढ्यासाठी की वेगळ्या डिस्कवर रीनेम चालत नाही, एरर येते.

याचा उलटा सापळा असा की पहिल्या तुकड्याला उघडायचं ठरवलं आणि डेटा शून्य ओळींचा निघाला, तर फाईल बनतच नाही. पुढचा जॉब ती फाईल शोधत असतो. रिकामा रिपोर्ट म्हणजे रिकामी फाईल हवी की फाईलच नको, हे आधी ठरवा.

१०. क्लाउड स्टोरेज असेल तर

तत्त्व तेच, फक्त हँडलच्या जागी नेटवर्कचं कनेक्शन. एस-थ्रीवरून (ॲमेझॉनचं क्लाउड स्टोरेज) ऑब्जेक्ट, म्हणजे फाईल, मागवलं की बॉडी वाचून होईपर्यंत सॉकेट अडकतो, आणि ॲमेझॉनच्या जावास्क्रिप्ट एसडीकेच्या (त्यांच्या लायब्ररीच्या) तिसऱ्या आवृत्तीत एकावेळी डीफॉल्ट ५० सॉकेट. लूपमध्ये अवेट करून एकेक बॉडी मागवली, झिपला दिली, आणि झिप रिस्पॉन्सला लूपच्या नंतर जोडली, तर ५१ वं मागणं कायमचं अडकतं: पुढे सरकायला सॉकेट मोकळा व्हायला हवा, सॉकेट मोकळा व्हायला कुणीतरी वाचायला हवं, आणि वाचणारा लूपच्या पलीकडे उभा. एरर नाही, काही नाही, नुसतं थांबलेलं. आणि मागवून ठेवलेली कनेक्शन्स बराच वेळ कुणी वाचली नाहीत तर समोरून तुटतात ते वेगळंच. इथेही जनरेटर किंवा लेझीस्ट्रीम, पाळी आली की मागवा, आणि झिप रिस्पॉन्सला आधी जोडा.

११. झालं का ते तपासा

सर्व्हर परत यूलिमिट १०० खाली चालू करा. एफडी फोल्डरातला आकडा लिहून ठेवा, माझा २३ होता. कर्लने ५०० फाईल्सची झिप मागवा, लिमिट-रेट ५० केबी ठेवा म्हणजे हळू ग्राहकासारखं वागेल, आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये आकडा बघत राहा. दोन-चारने वाढायला हवा, शेकड्याने नाही. आता मध्येच कंट्रोल-सी. काही सेकंदांत २३ वर परत यायला हवा. असं दहा वेळा करा, काकांसारखं. दर वेळी एकेकाने वाढत असेल तर कुठेतरी अजून पाइप राहिलाय.

मग हेड रिक्वेस्ट, ईटॅगवाली रिक्वेस्ट, परवानगी नसलेली रिक्वेस्ट, प्रत्येकी पन्नासदा मारा आणि परत आकडा बघा. शेवटी एक फाईल मुद्दाम उडवून झिप मागवा, डाउनलोड फेल व्हायला हवं, कमी बिलांची झिप यायला नको.

प्रॉडक्शनवर एलएसओएफ प्लस एल-वन ही कमांड पण एकदा मारून बघा. डिलीट झालेल्या पण अजून कुणीतरी उघड्या धरलेल्या फाईल्स दाखवते. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) म्हणतं डिस्क भरली आणि डीयू (फोल्डरमधल्या फाईल्सची बेरीज करणारी) म्हणतं एवढं काही नाहीये, असा गोंधळ कधी झाला असेल तर त्यातली बरीच जागा इथे सापडते. आमच्या सर्व्हरवर मागच्या तीन महिन्यांची बिलं निघाली, फोल्डरमधून केव्हाच काढलेली.